मधला थर

मध्यस्तर हा शब्द अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तक्त्यातून पाठ असतो. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, अंतःस्तरापासून आतड्यांचे व फुफ्फुसांचे अस्तर, आणि मध्यस्तरापासून हाडे, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडे. परीक्षेला एवढे पुरते. पण हा थर येतो कोठून, हे आम्हाला तक्त्याहून अधिक रंजक वाटते.

भ्रूणातील थर १८१७ साली क्रिश्चियन पांडर यांनी कोंबडीच्या अंड्यात ओळखले. फलित अंडे उबवायला ठेवले की बलकावरील इवल्याशा चकतीवर सोळा-अठरा तासांत एक रेघ उमटते. वरच्या थरातील पेशी त्या रेघेपाशी येतात, खाली उतरतात आणि मध्ये पसरतात. करंजीत सारण आपण बाहेरून भरतो. येथे पारीच आत शिरून सारण होते! दुसऱ्या दिवशी त्याच पेशींतून रक्त आणि धडधडणारे हृदय तयार होते. (दुकानातील अंडी बहुधा अफलित असतात, तेव्हा स्वयंपाकघरात शोध घेऊ नये.)

तेव्हा केंब्रिजमध्ये असलेल्या वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात या रेघेचा तुकडा दुसरीकडे लावून पाहिला, तर तेथे नव्या मज्जासंस्थेची सुरुवात झाली. म्हणजे येथून आत उतरणाऱ्या पेशी नुसता भराव नव्हेत. त्या शेजाऱ्यांनाही कामे नेमून देतात. वॉडिंग्टन यांच्याकडे काम केलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुढे पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरील संशोधनाची परंपरा रुजवली.

माणसात हे सारे गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात घडते. पाळी चुकल्याची शंका आईला यावी, त्याच सुमारास मधला थर तयार होत असतो. त्यातील पृष्ठरज्जू वरच्या थराला सूचना देतो, तो थर दुमडून नळी बनते आणि साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटते. नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष राहू शकतो. म्हणून फोलिक आम्लाच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासूनच घ्यायला सांगतात. बातमी कळल्यावर सुरू केल्यास पुष्कळदा उशीर झालेला असतो. घरात नवी सून वा विवाहित लेक असेल, तर डॉक्टरांशी हे आधीच बोलावे.

ज्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्रात पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी आपल्या सिमरोलच्या आयआयटीत जीवविज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विभाग आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भ्रूणविकासावरही काम चालते.