मल्लेश्वरम: एकोजीराजांचा शिलालेख आणि शिरा-उपम्याची जोडी

बेंगळुरूला जाणारा मराठी माणूस लालबाग पाहतो, त्याच शहरातलं मल्लेश्वरम राहून जातं. वास्तविक इथल्या काडु मल्लेश्वर देवळाशी आपलं जुनं नातं. १६६९ च्या शिलालेखात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी देवाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. समोरच नंदीतीर्थ: नंदीच्या मुखातून पडणारी धार खालच्या पिंडीवर अखंड अभिषेक करते.

आजची वसाहत मात्र १८९८ च्या प्लेगनंतर आखलेली. म्हणून रस्ते सरळ, पत्ते ‘क्रॉस’च्या, म्हणजे आडव्या रस्त्यांच्या, आकड्यांत.

आता पोटोबा! सातव्या क्रॉसजवळच्या सीटीआर या उपाहारगृहाचा बेण्णे (लोणी) मसाला डोसा बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत. बोटं लोण्याने माखतात. पंधराव्या क्रॉसवरच्या वीणा स्टोअर्समध्ये इडली पातळ चटणीत बुडवून फुटपाथवर उभ्यानेच खायची. पण खरी गंमत चौ चौ भातची. यात भात नसतोच! एका ताटलीत दोन मुदी, तिखट उपमा आणि केशरी शिरा. आपल्याकडे हे दोघे शेजारी बसत नाहीत; इथे सुखाने नांदतात.

मेट्रोने मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावर उतरा, तेही सकाळी लवकर. रविवारी सीटीआरसमोरची गर्दी सोसवत नाही.