उघड्या टपाची जुनी गाडी घेताना

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुणाला मझदा एमएक्स-५सारखी उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार बारमाही वापरायची असेल, तर त्याने इंजिनाआधी सीटमागचे कार्पेट दाबून पाहावे. कापडी टपावरचे पाणी वाहून नेणारी छिद्रे पाला-कचऱ्याने तुंबली की पाणी आत मुरते, बुरशी धरते. हिवाळ्यात टप बंद असतो. दमेकऱ्याला तीच हवा श्वासात घ्यावी लागते. कुबट वास अत्तराने झाकला असेल तर सावध व्हावे. उन्हाळ्यात टप उघडल्यावर ढगांतूनही अतिनील किरण पोहोचतात. टोपी, सनस्क्रीन हवेच. महामार्गावर वाऱ्याचा आवाज ८५ डेसिबलपुढे जाऊ शकतो. कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून लांबच्या प्रवासात टप बंदच ठेवावा.