नाव झाकून केलेली पारख

शाळा हिंदीत, उच्च शिक्षण इंग्रजीत आणि मराठी घरापुरती, हा आपल्या हरिशंकरपुरमातील मराठी कुटुंबांचा परिचित अनुभव आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपणही असेच महाराष्ट्राबाहेर गेले. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर बनारसला वाढले. वडील विष्णु वासुदेव तेथील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, तर आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. पुढे ते केंब्रिजचे रँग्लर झाले, फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणावर संशोधन केले आणि १९८८ साली पुण्यात 'आयुका'चे ते संस्थापक संचालक झाले.

कथालेखनासाठी मात्र त्यांनी मराठी जवळ केली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचे दडपण येऊ नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

नवे औषध पारखताना ते कोणाला दिले आहे, हे आपण वैद्यकीय व्यावसायिकही झाकूनच ठेवतो. नारळीकरांनी हीच कसोटी २००८ साली फलज्योतिषाला लावली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या आणि नावे झाकून प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका पाठविल्या. उत्तरे देणारे ज्योतिषी सत्तावीस. अचूक उत्तरे सुमारे ४६ टक्के. नाणे उडवूनही याहून कमी यश आले नसते.

बालरोगतज्ज्ञाला हा प्रयोग विशेष जवळचा वाटतो. मूल वेळेवर बसत नाही, बोलत नाही, तेव्हा 'ग्रहदशा पालटेपर्यंत थांबू' म्हणणारे पालक मला आजही भेटतात. मेंदूची घडण वेगाने होते ती याच वर्षांत. उपचाराविना गेलेले महिने परत मिळत नाहीत. अशा पालकांचा उपहास करून काही साधत नाही. त्यांच्यापुढे मी हे आकडे मराठीत किंवा हिंदीत ठेवतो. काही जण विचारात पडतात आणि पुढच्या तपासणीस येतात.

२० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्यांच्या कथा आपल्या मुलांना वाचावयास द्याव्यात. त्या रंजक आहेत, शिवाय 'हे खरे कशावरून?' असे विचारण्याची सवय त्या मातृभाषेतच लावतात.