नेम का चुकतो? मोबाईलवरच्या शूटर गेमचं गणित

नगरमध्ये नेमाविषयी बोलायचं तर सुरुवात रणगाड्यापासूनच करू. इथं आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे, सराव के. के. रेंजवर चालतो. पळत्या लक्ष्यावर गोळा टाकायचा तर लक्ष्य आत्ता कुठं आहे हे पाहून भागत नाही. गोळा पोचेल तेव्हा ते कुठं असेल, तिथं नेम लागतो. आधुनिक रणगाड्यात हा हिशेब संगणक करतो. बीजीएमआयमध्ये तो आपला आपणच करायचा.

करून बघू. एम४१६ ची गोळी सेकंदाला 880 मीटर जाते असं धरा. समोरचा 200 मीटरवर आडवा पळतोय, सेकंदाला 6 मीटर. गोळीला साधारण 0.23 सेकंद लागतात, तेवढ्यात गडी सव्वा मीटरहून जास्त पुढं गेलेला असतो. नेम बरोबर डोक्यावर होता, गोळी मात्र पाठीमागून गेली! हेच अंतर 20 मीटर असेल तर फरक जेमतेम 14 सेंटिमीटर. म्हणजे जवळ थेट नेम, लांब थोडा पुढं.

आता सगळ्यात मोठी खोड. मॅच हरली की पोरं कुणातरी यूट्यूबरची सेन्सिटिव्हिटी उतरवून घेतात. त्याचा फोन वेगळा, अंगठा वेगळा. अंगठा किती सरकवला की नेम किती फिरतो, हे हाताला सवयीनं कळतं. रोज सेटिंग बदललं तर हात रोज पहिलीत. आमचं म्हणणं, एकदा ठरवलेलं सेटिंग निदान दोन आठवडे हलवू नका. जायरो वापरायचा की नाही, तेही आधीच ठरवा.

मग ट्रेनिंग ग्राउंडवर जा. एक बंदूक, एक स्कोप, समोर भिंत. पूर्ण मॅगझिन झाडा आणि भोकं बघा. ती वर चढत गेली तर बोट खाली कमी ओढलं जातंय. खाली गेली तर जास्त. एम४१६ जमली की मगच एकेएम, कारण तिचा झटका दांडगा.

अठरा वर्षांखालच्यांना हा गेम 2021 मध्ये आला तेव्हापासून दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली आहे. त्यात एरँगेलची अर्ध्या तासाची मॅच खेळलात तर प्रत्यक्ष गोळीबार किती होतो? एक-दोन मिनिटं. बाकी पळणं, लूट गोळा करणं आणि झुडपात बसणं. नेम सुधारायचा असेल तर पंधरा मिनिटं भिंत, मग टीम डेथमॅच, आणि क्लासिक शेवटी.

राहिला फोन. ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवा, फ्रेम रेट झेपेल तितका वर. 30 फ्रेमला चित्र दर 33 मिलिसेकंदांनी बदलतं, 60 ला दर 17 ने. चार्जिंगला लावून खेळलं की फोन तापतो, फ्रेम पडतात आणि शिकलेला हातही चुकायला लागतो. आधी चार्ज करा, वायर काढा, मगच बसा.