पिल्लू नंतर, आधी त्याची आई बघा



मागे एका भागात मी आमच्या घरच्या राखणदार कुत्र्याचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून एकच प्रश्न पुन:पुन्हा येतोय. पुण्याहून येतो, इंदूरहून येतो, बडोद्याहूनही येतो. "कर्नलसाहेब, घराच्या राखणीसाठी अस्सल जातीचं पिल्लू घ्यायचंय. कुठून घेऊ?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पण 'कुठून' याच्या आधी 'कुणाकडून' आणि त्याच्याही आधी 'कशासाठी' हे प्रश्न येतात. मी हे उलट्या क्रमाने शिकलो आणि त्याची किंमत माझ्या नातवाने मोजली. ती गोष्टही आज सांगणार आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागतं. याच नावाचं दुसरं गाव तिरुनेलवेलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आहे. माझं पापनाशम कावेरीच्या खोऱ्यातलं, भातशेतीचं. आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. घरात आम्ही जी मराठी बोलतो, ती ऐकून तुम्ही हसाल. तुमच्याशी बोलतोय ती मी बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीत, सातारा-कोल्हापूरच्या जवानांकडून शिकलो. गावाला लागून तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं, सतराव्या शतकातलं विटांचं भलंमोठं धान्यकोठार आजही उभं आहे. जिथे धान्य, तिथे राखण आलीच. माझंही घर शेताच्या कडेला. निवृत्त होऊन आलो आणि वाटलं, कुत्रा पाहिजे.

तमिळनाडूत राहून बाहेरची जात कशाला घ्यायची? इथे राजपाळयम आहे. विरुदुनगर जिल्ह्यातल्या, पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या गावावरून त्याचं नाव पडलं. उंच, अंगावर आखूड पांढरे केस, नाक गुलाबी. जुन्या काळी डुकराच्या शिकारीला आणि वाड्याच्या राखणीला ठेवत. थेनी जिल्ह्यातला कोंबै तांबूस रंगाचा, तोंड काळं, तोही राखणीचाच. चिप्पीपारै आणि कन्नी मात्र मूळचे पळणारे, सशामागे धावणारे. आपल्या ओळखीचा मुधोळ हाउंडही त्याच कुळातला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने तो नावारूपाला आणला, पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात त्याची चाचणी घेतली. पण त्याची खरी ताकद नजर आणि वेग. फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखणं हे काम वेगळं. म्हणून जात निवडताना पहिला प्रश्न हा, की ती जात पिढ्यान्‌पिढ्या कोणतं काम करत आली?

या देशी जातींना आता मान मिळतोय. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींवर तिकिटं काढली, त्यात राजपाळयम आणि मुधोळ दोन्ही होते. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातींची नावं घेतली. पण ज्या वस्तूचं नाव होतं, तिचा बाजारही होतो. मी फसलो तो अशाच बाजारात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी एका शहरात रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यात पाच-सहा पांढरी पिल्लं दिसली. विकणारा म्हणाला, "अस्सल राजपाळयम, साहेब. नाक बघा, गुलाबी आहे." आई कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, "गावाकडे." पिल्लाचं वय जेमतेम पाच आठवडे. तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाने त्या क्षणी मागे फिरायला हवं होतं. मी पैसे मोजले आणि पिल्लू मांडीवर घेऊन घरी आलो. नाव ठेवलं वेल्लै, म्हणजे तमिळमध्ये पांढरा.

वेल्लै शांत होता. इतका शांत, की आम्हाला कौतुक वाटायचं. दिवाळीत फटाके वाजले, तरी गाढ झोपलेला. मी बायकोला म्हणालो, "बघ, तोफखान्यात शोभेल." तिला तेव्हाच शंका आली होती. हाक मारली की तो येत नसे, आम्ही दिसलो की येई. मी तिचं ऐकलं नाही. दीड वर्षानंतर एका दुपारी तो ओसरीवर झोपला होता. माझा चार वर्षांचा नातू मागून गेला आणि त्याच्या गळ्यात पडला. कुत्रा दचकून उठला आणि चावला. दात कानाजवळ लागले. डोळा थोडक्यात वाचला.

आम्ही नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तडक इस्पितळ गाठलं. रेबीजची लस आणि त्याबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही दिलं. हे लक्षात ठेवा मंडळी. कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो, चावला की आधी धुणं आणि मग डॉक्टर. हळद, चुना, तेल काहीही लावायचं नाही.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी वेल्लैला तपासलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "हा जन्मापासून बहिरा आहे." त्याला माणूस आलेला ऐकूच येत नव्हता. मी राखणीसाठी आणलेल्या कुत्र्याला दाराची कडी वाजलेली कळत नव्हती. त्याचा यात काहीच दोष नव्हता. पिंजऱ्यासमोर प्रश्न न विचारणाऱ्या माणसाचा होता.

हे का होतं, ते समजून घ्या. कानाच्या आत रंगद्रव्याच्या पेशी असतात. ऐकण्याचं काम करणाऱ्या भागाला जिवंत ठेवण्यासाठी त्या लागतात. पांढऱ्या रंगाचा वारसा काही पिल्लांत या पेशी कानापर्यंत पोचू देत नाही. मग जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत आतला कान निकामी होतो. डॅल्मेशियनमध्येही हेच होतं. राजपाळयममध्ये हा दोष माहितीचा आहे. जितका शुभ्र रंग आणि जितकं गुलाबी नाक, तितका भाव जास्त, अशी हौस वाढली की दोषही वाढतो. चांगला ब्रीडर बहिऱ्या कुत्र्याला प्रजननात घेत नाही आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगतो.

आता चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? मी माझ्या अनुभवातून पाच खुणा सांगतो.

पहिली खूण, तो आई दाखवतो. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, पण पिल्लं आईजवळच हवीत. आईकडे अर्धा तास बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकली, तर चांगलंच. मालकाने शांत केल्यावर ती शांत होते का, हे महत्त्वाचं. जी कुत्री कोपऱ्यात थरथरते किंवा आवरताच येत नाही, तिची पिल्लं घेऊ नका. भित्रा कुत्रा राखण करत नाही, तो भीतीने चावतो. स्वभाव हा रंगासारखाच आईबापांकडून येतो.

दुसरी खूण, तो घाई करत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. त्यानुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अठरा महिने पूर्ण न झालेल्या मादीपासून वेत घेता येत नाही. कुत्र्यांना मायक्रोचिप लावणं आणि नोंदी ठेवणं हेही त्यात आलं. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. आठ आठवड्यांचा नियम उगाच नाही. भावंडांशी खेळताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं कळवळतं, खेळ थांबतो. किती जोरात चावायचं हे ते तिथे शिकतं. पाच आठवड्यांत उचललेल्या पिल्लाची ती शाळा बुडते.

तिसरी खूण, तो कागदाची खरी किंमत सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय चेन्नईतच आहे. त्यांचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं. आजोबा-पणजोबा कोण, ते त्यातून कळतं. पण कान चांगले आहेत का, स्वभाव कसा, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी पशुवैद्याचा तपासणीचा कागद वेगळा मागा. लसीची पुस्तिका मागा, त्यावर डॉक्टरची सही आणि लसीच्या बाटलीवरचं लेबल असतं. पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत होते, पुढचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. जंताचं औषध त्याआधीपासून सुरू असायला हवं.

चौथी खूण, तो तुम्हाला तपासू देतो. पिल्लू पाठमोरं असताना, त्याला दिसणार नाही असं, किल्ल्यांचा जुडगा वाजवा. हाताने टाळी वाजवली तर हवा हलते आणि बहिरं पिल्लूही वळतं, म्हणून किल्ल्या. एकेक पिल्लू वेगळं घेऊन करा, कारण एकत्र असली की बहिरं पिल्लू भावंडांचं बघून वळतं. एका कानाने बहिरं असेल तर हे घरगुती तपासणीत कळणार नाही, तिथे डॉक्टरच लागतो.

पाचवी खूण सगळ्यात महत्त्वाची. चांगला ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारतो.

वेल्लै नऊ वर्षं जगला. आम्ही त्याला कुठे सोडला नाही. जवळ जाण्याआधी जमिनीवर पाय आपटायचा, तो हादरा त्याला कळायचा. नातूही हे शिकला आणि मोठा झाला. वेल्लै गेल्यावर मी राजपाळयम गावच्या एका वयस्कर माणसाकडे गेलो. घरात तीन कुत्र्या, वर्षाला जास्तीत जास्त एखादं वेत. मला वाटलं, कर्नल म्हटल्यावर लगेच पिल्लू देतील. त्यांनी मलाच चहा देऊन तासभर उलटतपासणी घेतली. घरी कोण कोण? कुंपण किती उंच? दिवसभर साखळीला बांधणार का? पहिला कुत्रा कशाने गेला? मी खरं ते सांगितलं. मग त्यांना कळलं की धाकट्या मुलीचं बाळ तेव्हा आमच्याकडेच होतं, नुकतंच रांगायला लागलेलं.

ते तमिळमध्ये म्हणाले, "सर, दीड वर्ष थांबा. मूल चालू-बोलू लागू दे. मग या." मला राग आला, खोटं कशाला बोलू? येताना तोच राग घेऊन तीन तास गाडी चालवली. मदुरैपर्यंत आलो तेव्हा कळलं, पहिल्या वेळी पिंजऱ्याशी मला असा नकार देणारं कुणी भेटलं असतं, तर नातवाच्या कानाजवळचा तो व्रण आज नसता.

दीड वर्षाने गेलो. त्यांनी पिल्लू मी निवडू दिलं नाही, त्यांनीच निवडलं. "हे सगळ्यात धीट नाही आणि सगळ्यात भित्रंही नाही. तुमच्या घराला हे चालेल," म्हणाले. सोबत लेखी दिलं, की कधीही ठेवता आलं नाही तर कुत्रा परत आणायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. आज तो आमच्या फाटकाशी आहे. पोस्टमनला ओळखतो. रात्री शेताकडून अनोळखी पाऊल वाजलं, की एकदाच खोल आवाजात भुंकतो आणि माझी वाट बघतो. राखण म्हणजे एवढंच. चावणं नव्हे, खबर देणं.

दोन गोष्टी सांगून थांबतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो अशा तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं होतं. पुढे न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द ठरवलं, पण नियम बदलत राहतात. पिल्लू घेण्याआधी आपल्या राज्यात आणि महानगरपालिकेत काय चालतं, परवाना लागतो का, हे विचारा. आणि दुसरं, फौजेच्या कुत्र्याशी आपल्या कुत्र्याची तुलना करू नका. तिथे एका कुत्र्यामागे एक हँडलर असतो, रोजचा सराव असतो, काम जमलं नाही तर कुत्रा बाजूला काढतात. आपल्याकडे हँडलर कोण? तुम्हीच. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला माणसं, मुलं, सायकली, छत्र्या, पाऊस, सगळं दाखवा. जग ओळखीचं असलेला कुत्राच अनोळखी गोष्ट बरोबर ओळखतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी पिंजऱ्यातलं गोंडस पिल्लू दिसलं, की एकच प्रश्न विचारा, "याची आई कुठे आहे?" उत्तर "गावाकडे" असं आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि पुढे चला. आणि एखाद्या ब्रीडरने तुम्हाला पिल्लू द्यायला नकार दिला, तर रागावू नका. त्याचा पत्ता जपून ठेवा.

जय हिंद.