मुखवटा आणि रंगविलेला चेहरा : आशियाई प्रयोगपरंपरांतील रूपग्रहणाची प्रक्रिया

प्रास्ताविक

‘मुखवटा’ हा शब्द मराठीत परस्परांपासून फार दूर असलेल्या दोन अर्थांनी वापरला जातो. गौरीचा मुखवटा, खंडोबाचा चांदीचा मुखवटा असे आपण म्हणतो तेव्हा तो देवाचा चेहराच असतो. त्याच्यामागे दुसरे काही दडलेले आहे असे कोणी मानत नाही. याउलट ‘त्याचा मुखवटा गळून पडला’ असे म्हणताना मुखवटा म्हणजे खोटेपणा आणि त्याखालचे ते खरे, असे आपण गृहीत धरतो. ‘सोंग’ या शब्दाचेही तसेच आहे. गावच्या उत्सवात देवाचे सोंग निघते आणि ते पाहून लोक हात जोडतात. तोच शब्द घरात ‘सोंगे करू नकोस’ असा दटावणीसाठी येतो.

नाटक शिकवताना आपण बहुधा दुसऱ्या अर्थाच्या आधारे बोलतो. आधुनिक नाटकाच्या विवेचनाला तो पुरतो. परंतु आशियातील पारंपरिक मुखवटे व रंगभूषा यांच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले, तर मूळ गोष्टच निसटते. या परंपरांत मुखवटा लपविण्यासाठी नसून कोणाला तरी येऊ देण्यासाठी असतो आणि हे येणे व जाणे विशिष्ट क्रियांनी बांधलेले असते, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. सर्व परंपरांचा आढावा घेण्याचा येथे हेतू नाही.

नाट्यशास्त्रातील दृष्टांत

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचा विचार पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव अशा चार अंगांनी केला आहे. पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे मूळ रंग व त्यांच्या मिश्रणातून होणारे उपरंग सांगितले आहेत. प्रतिशीर्षे, म्हणजे मस्तकावर धारण करावयाची रूपे, कशी तयार करावीत याचेही विवेचन आहे. मात्र या तपशिलापेक्षा त्या प्रकरणात आलेला एक दृष्टांत अधिक मोलाचा वाटतो. जीव ज्याप्रमाणे एक देह सोडून दुसऱ्या देहात शिरतो व त्या देहाचा स्वभाव स्वीकारतो, त्याप्रमाणे रंग व वेष यांनी आच्छादलेला नट दुसऱ्याचा स्वभाव स्वीकारतो, असा त्याचा आशय आहे. येथे रंगभूषा ही सजावट नाही, तसेच फसवणूकही नाही. ती देहांतराची पायरी आहे.

जपान : आरशाच्या खोलीत

या पायरीची सर्वांत काटेकोर बांधणी जपानच्या नोह रंगभूमीत आढळते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत कान्आमी व त्यांचे पुत्र झेआमी यांनी घडविलेल्या या नाट्यप्रकारात मुखवट्याला ‘ओमोते’ म्हणतात. त्याचा अर्थ दर्शनी बाजू किंवा चेहरा. हिनोकी जातीच्या लाकडातून कोरलेला हा मुखवटा नटाच्या चेहऱ्यापेक्षा किंचित लहान असतो, त्यामुळे त्याच्या कडेने नटाची हनुवटी दिसत राहते. नटाला पूर्ण झाकणे हा हेतू असता, तर असा आखूड मुखवटा शतकानुशतके टिकला नसता.

रंगमंचावर जाणाऱ्या पुलाच्या टोकाशी ‘आरशाची खोली’ असते. वेष चढविल्यावर प्रमुख नट तेथे बसतो, मुखवटा हाती घेऊन त्याला नमस्कार करतो आणि तो चेहऱ्यावर बांधल्यानंतर आरशातील रूपाकडे पाहत राहतो. तेथून निघताना त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असते. डोळ्यांची छिद्रे इतकी बारीक असतात की, रंगमंचाच्या कोपऱ्यातील खांबाच्या खुणेने त्याला आपली जागा ओळखावी लागते. मुखवटा हलत नाही, परंतु किंचित वर उचलला की उजळतो आणि खाली झुकविला की त्यावर सावली येते. एकाच लाकडी चेहऱ्यावर आनंद व शोक असे दोन्ही उमटतात.

‘वाकी’ हे दुय्यम पात्र मात्र मुखवटा घालत नाही, आणि कित्येकदा प्रमुख नटही उघड्या चेहऱ्याने येतो. या उघड्या चेहऱ्याला ‘हितामेन’ अशी संज्ञा आहे. त्यावर भाव दाखवावयाचे नसतात. म्हणजे उघडा चेहरासुद्धा मुखवट्याच्याच नियमाने वापरला जातो. मुखवटा खोटा आणि चेहरा खरा ही आपली विभागणी येथे पार उलटी होते.

‘ओकिना’ या विधिस्वरूप प्रयोगात तर मुखवटा प्रेक्षकांदेखत चढविला जातो. नट उघड्या चेहऱ्याने येतो, वंदन करतो, वृद्धाचा पांढरा मुखवटा सर्वांसमोर बांधतो, मांगल्याचे नृत्य करतो, मुखवटा उतरवून पेटीत ठेवतो आणि निघून जातो. लपवाछपवीला जागाच उरत नाही. देव कोणत्या क्षणी आला व कोणत्या क्षणी गेला, हे प्रत्येकाला दिसते.

श्रीलंका, बाली आणि कोरिया

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्याकडील ‘सन्नी यकुम’ या उपचारविधीत अठरा सन्नी-यक्ष मुखवटे घालून येतात. आंधळेपणा, बहिरेपणा, मुकेपणा अशी एकेक व्याधी एकेका मुखवट्यावर कोरलेली असते. ढोलवादक त्यांची थट्टा करतो, त्यांना बोलते करतो आणि अखेरीस ते आज्ञा मानून निघून जातात. रुग्णाच्या शरीरात अदृश्य असलेल्या गोष्टीला चेहरा मिळतो, नाव मिळते, आणि मग तिला निरोप देता येतो. या विधीचे बळ मुखवटा किती भयानक आहे यापेक्षा या निरोपात अधिक आहे असे मला वाटते.

बालीमध्ये रंगदा व बारोंग यांचे मुखवटे मंदिरात ठेवतात, त्यांची विधिपूर्वक प्रतिष्ठा करतात आणि प्रयोगानंतर ते पुन्हा मंदिरात जातात. कोरियातील बहुतेक मुखवटे याउलट प्रयोग संपताच जाळले जात. सरदार व भिक्षू यांची टर उडविणारे ते चेहरे एका रात्रीपुरतेच असत. हाहोए गावचे लाकडी मुखवटे पवित्र मानून जपले गेले म्हणून ते आज उपलब्ध आहेत. 1964 मध्ये त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. कोरियन मुखवटानृत्याचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत झाला. जपून ठेवणे आणि जाळणे या दोन टोकांच्या रीतींमागे एकच जाणीव आहे. अशी वस्तू काम झाल्यावर कुठेही पडून राहू देता येत नाही.

रंगविलेला चेहरा

आता प्रश्न येतो तो रंगभूषेचा. कृष्णनाट्टम् या सतराव्या शतकातील केरळी प्रकारात काही पात्रांना लाकडी मुखवटे आहेत. त्याच परिसरात वाढलेल्या कथकळीने मात्र मुखवटा जवळजवळ सोडून दिला. याचे कारण कथकळीच्या अभिनयात शोधावे लागते. तेथे डोळे, भुवया व गाल यांनीच अर्थ सांगावयाचा असतो. म्हणून मुखवट्याची फक्त चौकट ठेवण्यात आली. पूर्वी तांदळाची पेस्ट व चुना यांची आणि आता कागदाची ‘चुट्टी’ गालांच्या कडेने हनुवटीपर्यंत उभारली जाते; मधला चेहरा हलता राहतो. सत्त्वशील नायकांचा हिरवा रंग हरिताळ व नीळ यांपासून करतात. नट जमिनीवर उताणा पडलेला असतो आणि चुट्टीकार त्याच्यावर काही तास काम करतो. रंगविताना नटाला झोप लागते, ही कथकळीच्या नेपथ्यगृहात नेहमी दिसणारी गोष्ट आहे. एक माणूस झोपतो आणि दुसराच कोणी उठतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

छाऊ नृत्यातही हाच भेद दिसतो. सराईकेला व पुरुलिया येथे मुखवटे आहेत, मयूरभंजमध्ये नाहीत. सराईकेलाच्या मुखवट्यात श्वास कोंडतो, म्हणून तेथील नृत्ये लहान असतात. जे चेहऱ्याने सांगता येत नाही, ते मानेच्या वळणाने व पावलांनी सांगितले जाते.

उत्तर मलबारातील तेय्यम मात्र केवळ अभिनयाच्या कसोटीवर समजत नाही. वण्णान, मलयन अशा, एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील पुरुष तेय्यम धारण करतात. चेहऱ्यावर बारीक रेषांचे लेखन होते, मस्तकावर मुकुट चढतो आणि मग त्याच्या हाती आरसा दिला जातो. आरशात तो स्वतःला पाहत नाही, देवतेला पाहतो. त्या क्षणापासून ज्यांच्या अंगणात त्याला एरवी प्रवेश नव्हता, ते त्याच्यासमोर हात जोडून उभे राहतात व आपली गाऱ्हाणी सांगतात. पोट्टन तेय्यमच्या कथेत तर अस्पृश्य मानलेला माणूस शंकराचार्यांनाच जातिभेदाबद्दल जाब विचारतो; हा तेय्यम सुपारीच्या पोयीचा रंगविलेला मुखवटा घालतो. विधी संपल्यावर मुकुट उतरतो, रंग पुसला जातो आणि देव झालेला माणूस पुन्हा आपल्या पूर्वीच्या जागी जातो. या उतरण्याने समाजरचना अबाधित राहते, अशी टीका केली जाते व ती रास्त आहे. पण रात्रभर गावाने त्याच्या तोंडून जे ऐकून घेतले, तेही नाकारता येत नाही.

आपल्याकडील दोन रूपे

दक्षिण कोकण व गोमंतकातील दशावतारात ही दोन्ही तंत्रे एकाच रात्री पाहावयास मिळतात. आडदशावतारात गणपती सोंडेच्या मुखवट्याने येतो, संकासुर काळ्या मुखवट्याने येतो; पुढे आख्यान सुरू झाले की मुखवटे जातात आणि रंगविलेले चेहरे येतात, कारण आता उत्स्फूर्त संवाद बोलावयाचे असतात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मात्र सोंगे मुखवट्यातच नाचतात. संबळ वाजतो, उजेडात एकेक देव वा दैत्य पुढे येतो, नाचतो व मागे फिरतो. अमुक सोंग अमुक घराण्याचे, अशी रीत असते. मुखवट्याची मालकी, दुरुस्ती आणि ठेवण्याची जागा यांना त्या रीतीत स्थान आहे.

हेच मुखवटे अलीकडे महाविद्यालयीन युवक महोत्सवांच्या सजावटीत, भिंतींवर आणि आदिवासी संस्कृतीच्या दालनांत दिसतात. त्यांखाली बहुधा ‘लगद्याचा मुखवटा’ एवढीच नोंद असते. ते कोणत्या घराण्याचे सोंग, ते कोण बांधतो, बांधण्यापूर्वी काय केले जाते आणि उतरविल्यावर ते कोठे ठेवतात, या चार गोष्टी आपले विद्यार्थी एका क्षेत्रभेटीत विचारून लिहून आणू शकतात. त्यांपैकी शेवटची सहसा विचारलीच जात नाही.