हौशी ऑपरेटिंग सिस्टीमसाठी असेंब्ली किती शिकावी?

स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याचा ध्यास घेतलेले अनेक हौशी प्रोग्रामर पहिल्याच पायरीवर थबकतात. आधी असेंब्ली भाषा पूर्णपणे आत्मसात करावी आणि मगच सिस्टीमला हात घालावा, अशी त्यांची समजूत असते. महिनोन्महिने सूचनांच्या याद्या घोकण्यात जातात आणि उत्साह ओसरतो. याउलट काही जण दुसऱ्याच्या तयार ओळी उचलून पुढे सरकतात आणि पहिल्याच बिघाडापाशी अडतात. ही दोन्ही टोके टाळायची, तर असेंब्ली नेमकी कोठे अपरिहार्य आहे हे जाणून घेतले पाहिजे.

केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती पीडीपी-७ संगणकाच्या असेंब्लीत लिहिली. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. तेव्हापासून असेंब्लीचे क्षेत्र आक्रसत गेले. मात्र ते पूर्णपणे संपले नाही.

याचे कारण सी भाषेच्या रचनेत आहे. सीमध्ये रजिस्टर आणि स्टॅक यांचा कारभार कंपायलर पाहतो. चालू स्टॅक सोडून दुसरा धरावा, हे सांगण्याची सोय प्रमाण सी भाषेत नाही. एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाताना मात्र नेमके हेच करावे लागते. एमआयटीमध्ये अध्यापनासाठी घडवलेल्या एक्सव्ही६ या छोट्या सिस्टीमच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत हे काम १४ रजिस्टरे जपून ठेवणे, १४ परत भरणे आणि शेवटी परतणे, एवढ्या २९ सूचनांत उरकते.

दुसरी जागा इंटरप्टची. कळ दाबली जाताच प्रोसेसर हातातले काम सोडून कर्नलकडे वळतो. थांबलेल्या प्रोग्रामची रजिस्टरे त्या क्षणी जशीच्या तशी जपावी लागतात. एक जरी निसटले, तरी दोष भलत्याच ठिकाणी, बऱ्याच वेळाने प्रकटतो.

तिसरी जागा आरंभाची. जुनी बायोस पद्धत डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत आणते आणि त्याच्या हाती सूत्रे देते. त्या वेळी प्रोसेसर १९७८ च्या ८०८६ प्रमाणे १६-बिट अवस्थेत असतो. तेथून ३२ वा ६४ बिटांपर्यंतचा चढ असेंब्लीनेच चढावा लागतो आणि बहुतेकांचा दम तेथेच तुटतो. आजच्या ६४-बिट संगणकांवर यूईएफआय मात्र प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत आणूनच ताबा देते. त्यामुळे लोडरही सीमध्ये लिहिता येतो. नवशिक्याने हा मार्ग धरल्यास पुष्कळ श्रम वाचतात.

तरीही असेंब्ली वाचता येणे अनिवार्यच आहे. एक्स८६ प्रोसेसरवर दोष हाताळताना दोष आणि तोही हाताळताना पुन्हा दोष उद्भवला, तर संगणक कोणताही संदेश न देता पुन्हा सुरू होतो. अशा वेळी क्यूईएमयू या आभासी यंत्रात जीडीबीच्या साहाय्याने एकेक सूचना चालवून रजिस्टरे तपासणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. तेथे समोर दिसते ती असेंब्लीच.

म्हणून लिहावी थोडी, वाचावी भरपूर. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या नव्या ३८६ संगणकाची ओळख करून घेताना आलटून पालटून चालणारी दोन कामे लिहिली होती: एक पडद्यावर ‘ए’ उमटवी, दुसरे ‘बी’. लिनक्सची वाटचाल तेथून सुरू झाली. नवशिक्यासाठीही पहिले उद्दिष्ट एवढेच असावे.